डाव्या कानातला हार्मोनिक

माझ्या आजारपणाच्या श्रीवर्धनात सध्या चार आवृत्त्या प्रचलित आहेत आणि त्यांपैकी एकही मी सांगितलेली नाही. बाजारातील आवृत्ती अशी, की सत्तरी उलटलेल्या माणसाने विजेची गिटार मोठ्या आवाजात वाजवली आणि त्याच्या कानाचा पडदा फाटला. पडदा शाबूत आहे. तीन डॉक्टरांनी तो पाहिला आहे. शेजाऱ्यांच्या मते समुद्रात डुंबताना माझ्या कानात पाणी गेले. मी समुद्रात उतरल्याला बरीच वर्षे झाली. माझी पत्नी सुमती सांगते, की हट्टापायी मी एक आठवडा वाया घालवला. आणि माझा मित्र मुश्ताक, ज्याने निदान गप्प राहावे अशी माझी अपेक्षा होती, तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की मला गिटारनेच बरे केले. पहिल्या दोघांचे अज्ञान मी समजू शकतो. सुमती आणि मुश्ताक मात्र सर्व प्रसंगी हजर होते.

म्हणून हे लिहीत आहे. शिवाय ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनाही काही सांगायचे आहे. एखाद्या सकाळी तुमचा एक कान अचानक बंद झाला, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. हे वाक्य येथेच लिहून मोकळा होतो. मी स्वतः तसे का केले नाही, हे पुढे येणार आहे, आणि ते वाचताना माझे म्हणणे तुम्हाला पटू लागण्याचा धोका आहे.

मी काय वाजवतो

मी एका खत कारखान्यात मापनयंत्रे सांभाळण्याचे काम केले. दाब, तापमान, प्रवाह दाखवणारी यंत्रे खरे सांगतात की नाही, हे पाहणे हा माझा व्यवसाय होता. कारखान्याच्या वसाहतीत आम्ही काही जणांनी वाद्यवृंद काढला होता. गणपतीत लोक सिनेमाची गाणी मागत, ती आम्ही वाजवत असू. पण मन रमत असे ते जड, फाटक्या आवाजाच्या, छातीवर आदळणाऱ्या संगीतात. मुश्ताक तेव्हा बेस गिटार वाजवी. पुढे तो कुवेतला गेला, परत आला, आणि आता आम्ही दोघे माझ्या वाडीतील विहिरीजवळच्या खोलीत वाजवतो. ड्रमवर दिवेआगरच्या बँजो पार्टीतला नरेश असतो. मिरवणुकीत तो जे वाजवतो त्याहून हे हळू आहे, असे त्याचे मत आहे.

या संगीतात माझी ओळख एकाच गोष्टीसाठी आहे, ती म्हणजे हार्मोनिक. तार पूर्ण दाबली की तिचा मूळ स्वर येतो. पण तिच्या नेमक्या जागी बोट नुसते टेकवले आणि छेडताक्षणी उचलले, तर मूळ स्वर मागे सरतो आणि तिच्या पोटातला वरचा स्वर घंटेसारखा मोकळा होतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो याच कुळातला. सुमती भजनी मंडळात गाते. तिला हे एका वाक्यात समजले होते. तिला न आवडणारा प्रकार दुसरा. त्यात पिकने, म्हणजे हातातल्या प्लास्टिकच्या चकतीने, तार छेडताना अंगठ्याची कड त्याच क्षणी तारेला घासून जाते. अँप्लिफायर पुरता तापलेला असेल तर तार किंचाळते. ही किंकाळी म्हणजे गोंगाट नव्हे. ती कोठे उठवायची, किती थरथरवायची, तारा सैल करणारा गिटारचा छोटा दांडा दाबून तिला कोठपर्यंत खाली ओढायची आणि कोठे सोडून द्यायची, यावर ते रडणे आहे की धमकी, हे ठरते. गाणाऱ्याकडे शब्द असतात. माझ्याकडे एवढेच आहे.

आमची स्वतःची एक रचना आहे, तिचे नाव ‘कॉम्प्रेसर’. ती अशाच एका लांब हार्मोनिकने संपते. वसाहतीतील जुन्या मंडळींचे संमेलन थंडीत दिवेआगरला, एका वाडीतल्या घरगुती लॉजवर व्हायचे होते आणि तेथे आम्ही ती वाजवणार होतो. एवढ्यात हे झाले.

पहिली सकाळ

उठलो तेव्हा डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखे वाटत होते. दुखत नव्हते. एक बारीक शिट्टी मात्र आत चालू होती. मी चहा घेतला, वाडीला पाणी सोडले आणि सवयीप्रमाणे गिटार हातात घेतली.

मी तारा हार्मोनिकने लावतो. जाड तारेवर पाचव्या फ्रेटपाशी, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीपाशी, बोट टेकवायचे, शेजारच्या तारेवर सातव्यापाशी, आणि दोन्ही घंटा एकत्र वाजवायच्या. त्या जुळल्या नसतील तर त्यांच्यामध्ये एक लहर चालू राहते. खुंटी पिळत गेले की लहर संथ होते आणि अखेर थांबते. हे यंत्राहून विश्वासार्ह आहे, असे मी अनेकांना सुनावले आहे. त्या सकाळी लहर थांबली. सर्व तारांची थांबली. मग मी एक साधा स्वरमेळ वाजवला आणि तो नासला होता.

लहर थांबली म्हणजे तारा जुळल्या. तारा जुळूनही दाबलेले स्वर खोटे, म्हणजे गिटारची मान, तारांखालचा लांब लाकडी भाग, वाकली. आमच्याकडची दमट हवा लाकडाचे काय करते ते सर्वांना ठाऊक आहे. कोणीही जाणकार माणूस हेच अनुमान काढील, असे मी आजही म्हणतो.

मग अंगठ्याचा हार्मोनिक करून पाहिला. ठक्, एवढेच ऐकू आले. आणखी तीनदा केला. ठक्. म्हणजे तारांखालची चुंबके खाऱ्या हवेने गेली. इतक्यात सुमती पदराला हात पुसत दारात आली.

“अहो, पुरे आता. डोकं उठलं.”

“कशाने?”

“कशाने काय? त्या किंकाळीने. चार वेळा झाली.”

“एकदाही झालेली नाही.”

“मग मी काय ओट्याशी उभी राहून स्वप्न पाहत होते?”

मी तिला समोर बसवून पुन्हा वाजवले. तिने कानांवर हात ठेवले. मला पुन्हा ठक् एवढेच ऐकू आले. तिला माझ्या वाजवण्याचा तिटकारा आहे म्हणून ती अतिशयोक्ती करते आहे, असा निष्कर्ष मी काढला.

माझा तपास

पुढचा आठवडा मी वाया घालवला, हे सुमतीचे विधान येथे तपासून पाहू. मी बसून राहिलो नव्हतो. गिटारच्या मानेच्या आत लोखंडी सळई असते. ती पिळून मान सरळ करता येते. मी ती पिळली. स्वर आणखी बिघडले. मी ती उलट पिळली. मग तारा बदलल्या, चुंबके सोडवून स्पिरिटने पुसली, अँप्लिफायर उघडून त्यातले सांधे नव्याने डाखले. एवढे पद्धतशीर काम मी नोकरीतही क्वचित केले असेल. माझा प्रत्येक तर्क आधीच्या तर्कातून सरळ निघत होता. तपासायचे यंत्र तेवढे दुसरे होते.

मुश्ताक येऊन बसला. त्याने गिटार मांडीवर घेतली, दोनचार सुरावटी वाजवल्या आणि माझ्याकडे पाहिले.

“दिगू, गिटारीला काय नाय झालेलं. म्हणजे पहिलं नसणार. आता तू मान पिळून ठेवलीस ती ठेवलीस.”

“तुला ऐकू येत नाही का, केवढी खोटी वाजते आहे?”

“मला येतंय रे. तुला काय येतंय, ता सांग.”

“तुझे कान कुवेतच्या एसीने गेले आहेत.”

“माझे गेले तर दोन्ही गेले असते. तू मघापासून मान वळवून का ऐकतोस? कोंबडा कसा बघतो, तसा.”

मी त्याला घरी जाण्यास सांगितले. तोही रागावून गेला. हे सर्व तो आता हसतहसत सांगतो, पण त्या दिवशी तो चपला न घालताच फाटकापर्यंत गेला होता आणि परत येऊन चपला घालून गेला.

त्या दिवसांत जग जागेवर नव्हते, एवढे मी मान्य करतो. सुमतीने स्वयंपाकघरातून हाक मारली की मी विहिरीकडे जाई. रस्त्यावर मोटारसायकल एका बाजूने ऐकू येई आणि दुसऱ्या बाजूने अंगावर येई. दोघे बोलू लागले की शब्द एकमेकांत मिसळून नुसता गलबला उरे. चालताना जमीन किंचित तिरकी वाटे. या सर्वांसाठीही माझ्याकडे स्पष्टीकरणे होती: झोप अपुरी, पित्त, चष्म्याचा नंबर. प्रत्येक गोष्टीला निराळे कारण मिळत होते, म्हणून त्या सर्वांचे एकच कारण शोधण्याची गरज मला भासली नाही.

मग वाडीत सुपारी उतरवायला महादू आला. तो वर असताना झाडांखाली कोणी जायचे नसते, आणि कोणी दिसलेच तर तो वरून ओरडतो. तो ओरडला. मला तो आवाज उजवीकडच्या झाडावरून आल्यासारखा वाटला, म्हणून मी लगबगीने डावीकडे सरकलो. तो डावीकडच्या झाडावर होता. सुपारीचा अख्खा घड माझ्या खांद्याला घासून पायाशी फुटला.

महादू सरसर खाली उतरला. “आबा, मी बाजूला व्हा म्हनत व्हतो. तुमी तर आरामात खालीच आलांव.”

“तू त्या झाडावर होतास.”

“मी हितंच व्हतो. सकाळपासनं हितंच हाय.”

सुमतीने माझ्याशी वाद घातला नाही. तिने पनवेलला मुलीला फोन लावला आणि माझ्यासमोर, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मधुरा, गाडी घेऊन ये. बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि ते गिटार दुरुस्त करताहेत.”

काटा

पनवेलच्या रुग्णालयातील कानाच्या डॉक्टर वयाने मधुराहून लहान होत्या. त्यांनी कानात पाहिले, मग एक नादकाटा काढून गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला.

“आवाज कुठल्या कानात येतोय, काका?”

“उजव्या,” मी तत्काळ सांगितले. परीक्षेत उत्तर बरोबर आल्याचे समाधान मला वाटले. डॉक्टरांनी मात्र काटा खाली ठेवला.

“मळ असता किंवा पाणी गेलं असतं, तर तो डावीकडे मोठा ऐकू आला असता. हा नसेचा प्रश्न आहे. किती दिवस झाले?”

मधुराने सांगितले. 

“मग इतके दिवस थांबलात कशाला?”

“मी थांबलो नव्हतो,” मी म्हणालो. “मी काम करत होतो.”

त्यानंतर मला काचेच्या खिडकीच्या एका बंद खोलीत बसवले, कानांवर यंत्र चढवले आणि हातात बटण दिले. आवाज ऐकू आला की दाबायचे. मी लगेच दाबू लागलो. बारीक, उंच आवाज सतत येत होता. मी मोठ्या एकाग्रतेने दाबत राहिलो. काचेपलीकडच्या मुलीने हात वर केला आणि तिचा आवाज यंत्रातून उजव्या कानात आला.

“काका, मी अजून काही वाजवलेलंच नाही.”

मापनयंत्रांत आयुष्य गेलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. काही मोजायचे नसतानाही यंत्राचा काटा वर उभा होता. आठवडाभर मी गिटारची, चुंबकांची, तारांची, मित्राची परीक्षा घेतली, आणि ज्याच्या भरवशावर घेतली तेच यंत्र बिघडलेले होते. मी बटण खाली ठेवले. काचेपलीकडच्या मुलीला वाटले मी रागावलो. मला नेमके काय वाटले, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या चाचणीच्या आलेखाने बाकीचे सांगितले. उजव्या कानातील उंच स्वर कारखान्याच्या कॉम्प्रेसर हॉलमध्येच गेले होते; तेव्हा कानात बोळे घालणे आम्हाला कमीपणाचे वाटे. ते गेल्याचे मला कधी कळले नाही, कारण डावा कान सर्व काम करत होता. माझे सगळे हार्मोनिक डाव्या कानात राहत होते. आता तोही गेला होता.

मी कारण विचारले.

“बहुतेक वेळा कारण सापडत नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“मोठ्या आवाजाने?”

“आवाजाने असं एका रात्रीत, एकाच कानाला होणं कठीण. खात्रीने काहीच सांगता येणार नाही.”

बाजारातील मंडळींनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. मला मात्र त्यांच्याइतकेही समाधान मिळाले नाही. त्यांच्याकडे निदान चुकीचे कारण आहे. कारणच नाही, हे मला कोणी आजवर सांगितले नव्हते.

उजवीकडून बोला

मला मधुमेह आहे आणि औषध स्टिरॉइडचे होते, त्यामुळे साखर सांभाळण्यासाठी मला दाखल करून घेतले. दिनक्रम एवढाच: बोटाला सुई, गोळ्या, बोटाला सुई, बेचव उपमा, बोटाला सुई. डाव्या हाताची बोटे टोचू नका, तारांची बोटे आहेत, असे मी सांगितले. परिचारिकेने पुढे उजवाच हात मागितला. तिने कारण विचारले नाही, हे मला आवडले. तिनेच पलंगाच्या कठड्यावर चिकटपट्टी लावून ‘उजवीकडून बोला’ असे लिहिले. मी म्हणालो, मी काही रिक्षा नव्हे, मागे सूचना लिहायला. तरी ती पट्टी मी काढली नाही. तिच्यामुळे दिवसातून दहा वेळा “काय?” म्हणावे लागत नव्हते.

स्टिरॉइडने माणूस चिडखोर होतो, असे सांगतात. मी आधीपासून कसा होतो यावर घरात मतभेद आहेत. मधुरा आणि सुमती पलंगाच्या डाव्या बाजूला बसून बोलत आणि मला वाटे, त्या मुद्दाम कुजबुजत आहेत. एकदा मी तसे बोलून दाखवले.

“माझ्या पाठीमागे माझ्याविषयी बोलू नका.”

“बाबा, आम्ही डब्याचं बोलतोय. भेंडी की दुधी.”

“मला ऐकू येऊ नये म्हणून डावीकडे बसता.”

सुमती उठली आणि उजव्या बाजूला आली. “चाळीस वर्षं मी तुम्हाला हाका मारतेय,” ती सावकाश म्हणाली. “पहिल्या दिवशी समोर बसून सांगितलं, किंकाळी झाली म्हणून. तेव्हा तुमचा उजवा कान चालू होता ना? मग? तुम्ही गिटारची मान पिळलीत, मुश्ताकभाईंना हाकललंत. माझं म्हणणं खरं असेल, एवढंच तुम्हाला सुचलं नाही.”

मी तिला उत्तर दिले. ते येथे लिहीत नाही, कारण ते चांगले नव्हते. ती दुपारी मधुराकडे गेली आणि संध्याकाळी डबा मधुराबरोबर आला. भेंडी होती.

गोळ्यांनी पुरेसा फरक पडेना, म्हणून पडद्यातून आत औषध सोडायचे ठरले. सुईची भीती मला वाटली नाही. कान आधी बधिर करतात. भीती त्यानंतरची. औषध आत मुरावे म्हणून डावा कान वर ठेवून अर्धा तास पडून राहायचे, गिळायचे नाही, बोलायचे नाही. म्हणजे उजवा कान, एकुलता एक चालणारा, उशीत. पंखा फिरताना दिसत होता. डॉक्टरांचे ओठ हलत होते. खोलीत माणसे होती आणि मी नव्हतो. आत ती शिट्टी, आणि औषधाचा गार थेंब सरकल्याची जाणीव.

तेव्हा मी ‘कॉम्प्रेसर’ मनातल्या मनात वाजवायला घेतली. सुरुवात आली, मधला जड भाग आला, बोटे चादरीवर हलली. शेवटच्या हार्मोनिकपाशी आलो आणि मला तो आठवेना. कोठे टेकायचे ते अंगठ्याला आठवत होते. तार घासून गेल्याचा चटका आठवत होता. आवाज आठवत नव्हता. आतली शिट्टी त्याच्या जागी उभी राहून त्याला आत येऊ देत नव्हती. कान गेला तर आठवण तरी उरेल, असे मी धरून चाललो होतो. ते मुळीच निश्चित नव्हते. डोळ्यांतून पाणी आडवे वाहून उशीत गेले आणि उजव्या कानात शिरले.

कोणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरला. मान न हलवता खाली पाहिले. सुमती होती. कानाजवळ येऊन उपयोग नाही, हे ओळखून ती पायाशी बसली होती. अर्धा तास तिने तो अंगठा सोडला नाही. 

परत आलेला कान

इंजेक्शने झाली, घरी आलो, आणि काही आठवड्यांनी कान थोडासा उघडला. आधी भांड्यांचा आवाज आला, मग माणसांचा, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा. वरचे स्वर अर्धवटच परतले. डॉक्टरांनी आलेख दाखवून सांगितले, की यापुढे फारशी सुधारणा होईलच असे नाही. मी किती उशीर केला याचा हिशेब त्यांनी पुन्हा मांडला नाही. तो माझा मलाच मांडता येत होता.

जे परतले ते खोटे परतले. एकच स्वर उजव्या कानात एका जागी आणि डाव्या कानात किंचित वर ऐकू येतो. भजनी मंडळाची पेटी मला दोन पेट्यांसारखी वाटते आणि त्या दोघींचे जमत नाही. हे हळूहळू बसेल, किंवा बसणार नाही, असे सांगण्यात आले.

आता माझी अवस्था पाहा. कान खोटा आहे, हे सिद्ध झाले. पण गिटारची मानही आता खरोखर वाकडी होती, कारण ती मीच पिळली होती. दोन्ही बिघडले होते. लहर थांबवून तारा लावल्या तरी पुढचे खोटेपण कोणाचे, माझे की लाकडाचे, हे मला सांगता येईना. डाव्या कानात बोट घालून ऐकले तर हार्मोनिक नाहीसे होत. बोट काढले तर दोन होत. मी ती सळई थोडी इकडे, थोडी तिकडे करत राहिलो आणि प्रत्येक वेळी आधीचे बरे होते असे वाटे.

संमेलन जवळ आले होते. मुश्ताकला मी फोन केला नव्हता. तो स्वतःच आला. चपला काढून आत बसला.

“दे इकडं,” तो म्हणाला.

“काय?”

“गिटार. नीट करतो. लावून पण देतो.”

“माझी गिटार आजपर्यंत दुसऱ्या कोणी लावलेली नाही.”

“म्हायती हाय. म्हणून तर अशी झाली.”

मी ती त्याच्या हातात दिली. एवढ्याच कृतीला तो ‘गिटारने बरे केले’ म्हणतो. बरे वगैरे काही झाले नाही. मी खुर्चीत बसून दुसऱ्या माणसाला माझ्या खुंट्या पिळताना पाहत होतो आणि प्रत्येक तारेला “अजून वर” म्हणत होतो. तो सूर मोजणाऱ्या यंत्राच्या दिव्याकडे पाहून “नाय” म्हणत होता.

“ती तार उतरलेली आहे.”

“हिरवा दिवा हाय, दिगू.”

“दिव्याला काय कळते?”

“तुझ्या कानापेक्षा जास्ती कळतंय. आत्तापुरतं मान.”

मी मानले नाही. मी गप्प बसलो, आणि माझ्या घरच्यांच्या मते तीही बातमीच होती.

दिवेआगरला त्या दुपारी नारळांच्या सावलीत पन्नासेक खुर्च्या होत्या. वसाहतीतील लोक म्हातारे झाले होते. काहींना मी ओळखले नाही आणि काहींना ओळखल्याचे दाखवले. ‘कॉम्प्रेसर’ सुरू झाली. नरेशचा ड्रम मला पायातून कळत होता, मुश्ताकचा बेस पोटात. माझ्या स्वतःच्या वाजवण्याचे माझ्यापर्यंत काय येत होते ते सांगणे अवघड आहे: जणू मी वाजवत होतो आणि कोणी दुसरा, जवळपासच, थोडा वर, माझी नक्कल करत होता. मी त्याच्यामागे जायचे नाही आणि बोटांवर विसंबायचे, असे ठरवले होते. दोनदा त्याच्यामागे गेलो. मुश्ताकने भुवया उंचावल्या आणि मी परत आलो.

मग शेवट आला. अंगठ्याची कड तारेला घासून गेली. चटका नेमका बसला, एवढे मी शपथेवर सांगतो. दांडा दाबला, खाली ओढला, थरथरवला, सोडला. उजव्या कानात फक्त तारेचे ठक् होते. डाव्या कानात काहीतरी बारीक, वरचे, अनोळखी चमकले आणि गेले. तो माझा हार्मोनिक होता की ती जुनी शिट्टी, हे मला ठरवता आले नाही. समोर लोक टाळ्या वाजवत होते. पण आजारी माणसासाठी लोक कशालाही टाळ्या वाजवतात. सुमती माझ्याकडे पाहत होती. तिचा चेहरा वाचावा असे क्षणभर वाटले, पण ती चष्मा पुसत होती.

गिटार हाती आली तेव्हापासून स्वर लागला की नाही, हे मी इतरांना सांगत आलो आहे. मी मुश्ताककडे वळलो.

“लागला का?”

त्याने काहीतरी उत्तर दिले. तो माझ्या डावीकडे उभा होता. मला ते समजले नाही. मी गिटार गळ्यात तशीच ठेवून त्याला वळसा घातला, उजवा कान त्याच्याकडे केला आणि पुन्हा विचारले.

“जन्मात पयल्यांदा विचारतोयस, म्हणून दोनदा सांगतो,” तो म्हणाला. “लागला. बराबर लागला.”

मुश्ताक माझ्याशी वाद घालतो, मला नावे ठेवतो, पण सुराच्या बाबतीत तो मला कधीही खोटे बोललेला नाही, हे मी लिहून देतो. माझ्या डाव्या कानाचे मत मात्र असे, की तो थोडा वर लागला होता. तेही येथे नोंदवून ठेवतो.